क्षारसेनाच्या पाठीवरचा हात

पंढरीकाका खुर्ची नेहमी शटरला टेकवून ठेवायचे. पाठ मोकळी सोडून बसलेले मी त्यांना कधी पाहिलं नाही.

लग्नाच्या मांडवात गेले की आधी खांब शोधायचे. खांब मिळाला नाही तर उभ्यानेच जेवायचे.

चहा आला की पहिल्यांदा त्यात बोट बुडवून जिभेला लावायचे. मग प्यायचे.

हमालांच्या खांद्यावर हात ठेवायचे, पोरांच्या डोक्यावर ठेवायचे. पाठीवर कोणाच्याच ठेवायचे नाहीत.

स्वतःची पाठ खाजली तर गोदामाच्या कोपऱ्यावर घासायचे. हौसाकाकी घरातून ओरडायच्या, "म्हस बरी तुज्यापरीस! ती निदान दूध तरी देते."

पुनवेच्या नाहीतर अवसेच्या आसपास एखाद्या दुपारी त्यांचं बोलणं मध्येच थांबायचं. मान किंचित मागे जायची, शटरला कान लागेल एवढी. हाक मारली तर तळहात दाखवायचे. थांब. थोड्या वेळाने जिथे थांबले होते तिथूनच पुन्हा बोलायला लागायचे.

म्हातारा माणूस, असायच्याच खोडी, असं मला वाटायचं.

भिवंडीजवळ राहनाळला त्यांच्या जमिनीवर ओळीने गोदामं आहेत. त्यातल्या एकात आमच्या प्रकाशनाची पुस्तकं असतात. मी तिथे डिस्पॅच बघतो. पंढरीकाका त्या सगळ्या गोदामांचे मालक. तरी दिवसभर दाराशी बसायचे. नवा ट्रकवाला त्यांना वॉचमन समजायचा.

"ए चाचा, गेट खोल!"

काका उठून गेट उघडायचे. वर सांगायचे, "पिछे का टायर देख, हवा कम हाय."

मी एकदा म्हणालो, "काका, सांगा की त्यांना, मालक आहात म्हणून."

"सांगतो की. मंग गेट कोन उघडंल?"

मी मराठी घेऊन बी.ए. केलं हे कळल्यापासून ते मला बी.ए. म्हणूनच हाक मारत. काकींना ते आवडायचं नाही.

"त्याला नाव हाय ना, देवेश. असा काय हाक मारतस?"

"नाव सगल्यांनाच असतं. बी.ए. ह्यो एकलाच हाय हितं."

आमच्या संपादक विनिताताईंनी एक नवी मालिका काढायची ठरवली. बंद पडलेल्या जुन्या कॉमिक्समधले नायक परत आणायचे. ज्यांचा शेवटचा अंक कधी निघालाच नाही, असे. नवी चित्रं, नवी गोष्ट. जुनी नगरं मात्र तीच. कुठल्या कुठल्या पेट्यांतून त्यांनी ते अंक मिळवले होते. त्यातल्या एकाची पानं त्यांनी मला फोनवर पाठवली. लिहिशील का, म्हणाल्या. अंकाचं नाव होतं 'लवणपुरीचा क्षारसेन'. भिवंडीतल्या एका छोट्या छापखान्यात छापलेला.

लवणपुरी हे खाडीच्या तळाशी वसलेलं मिठाचं नगर. मिठाचे बुरूज, मिठाच्या पायऱ्या. पावसाळ्यात ते विरघळायचं. उन्हाळ्यात पुन्हा उभं राहायचं, दर वेळी थोडं वेगळं. मग नगरातली माणसं आपापलं घर शोधत फिरायची. क्षारसेन त्यांचा रखवालदार. उघडं अंग, कमरेला लाल फडकं, पाय अनवाणी. तो उडत नव्हता. त्याच्याकडे एकच शक्ती होती. तो जिथे उभा राहील तिथून पाणी पुढे जात नसे.

शेवटच्या अंकाच्या शेवटच्या चित्रात तो एका लाकडी दाराला पाठ लावून उभा होता. हात दोन्हीकडे फाकलेले, पाय चिखलात रुतलेले. दारामागे त्याच्या वैरिणीचं, भरतीराणीचं पाणी. खाली एक ओळ होती: क्षारसेनाचं पुढे काय झालं? वाचा पुढच्या अंकात.

तो पुढचा अंक निघाला नाही.

दुपारी जेवणानंतर मी ते चित्र काकांना दाखवलं. भिवंडीचं आहे, बघा, एवढ्यासाठीच. त्यांनी फोन हात लांब करून धरला. बराच वेळ धरला. मग हाक मारली, "हौसे."

काकी हात पुसत आल्या. वाकून बघितलं आणि हसायलाच लागल्या.

"अगो बाय! ह्यो तर आमचाच हाय. केस होतं तवाचा."

मी फोन घेऊन चित्र मोठं केलं. क्षारसेनाची डावी भुवई मध्ये तुटलेली होती. काकांची तशीच आहे. लहानपणी विळा लागलेला. रोज बघत होतो मी ती भुवई.

काकी हसतच होत्या. काका हसले नाहीत. त्यांनी मला विचारलं, "अजून तितंच उभा हाय ह्यो?"

मला प्रश्न कळला नाही. मी हो म्हणालो.

पुढचं त्यांनी एका दिवसात सांगितलं नाही. ट्रक येत, चलनं होत, मध्ये तुटत जाई.

गोदामांच्या आधी इथे भातशेती होती. शेतापलीकडे बांध, बांधापलीकडे खाडी. बांधाला एक लाकडी दार होतं. त्याला उघाडी म्हणत. ओहोटीला ते उघडून शेतातलं पाणी सोडायचं, भरतीला बंद ठेवायचं, म्हणजे खारं पाणी आत येत नाही. पुनव-अवसेच्या उधाणाला कधी दाराच्या फळ्या सुटायला लागायच्या. मग सगळा गाव चिखल-दगड घेऊन धावायचा. तोवर एक जण दाराला पाठ लावून उभा राहायचा.

"आनि नियम कसा?" काका म्हणाले. "दाराला पाठ दिलेला मानूस आपनहून निघत न्हाय. दमला तरी न्हाय. दुसरा येतो, त्याची पाठ आनि फली, मधी हात सरकवतो. मंग खांदा. मंग पाठ. दुसऱ्याची पाठ लागली का पयला सुटला."

"आणि तो आधीच सरकला तर?"

"बोलायचं पन न्हाय तवा. बोललं का पाठ ढिली पडते."

काळूराम पेंटर डोंगराकडच्या पाड्यावरचा. लूमच्या कारखान्यांचे बोर्ड रंगवायचा, ट्रकवर नंबर टाकायचा. उरलेल्या वेळात छापखान्यासाठी क्षारसेन काढायचा. लवणपुरी त्याने ह्या बांधावर बसूनच काढली. पलीकडे मिठागरं होती, ती बघून. पंढरीकाका तेव्हा तरणे होते. काळूराम त्यांना म्हणाला होता, "तुज्या अंगात कायबी न्हाय रं. पन उभा लय चांगला ऱ्हातस." मग अंकामागून अंक ते उभे राहत गेले. गावातली पोरं टिंगल करायची. "क्षारसेना, नलाला पानी न्हाय आज, कुटं अडवलंस?"

शेवटच्या दिवशी काळूरामने त्यांना खऱ्या उघाडीशी उभं केलं. हातातला अंक पुरा झाला होता. ते चित्र पुढच्या अंकाचं पहिलं पान होणार होतं. ओहोटी होती. अर्धं काढून झालं आणि त्याचा पांढरा रंग संपला.

"हलू नको. पांढरा घेऊन आलोच," असं म्हणून तो सायकलवर बसला.

भिवंडीच्या रस्त्यावर त्याला ट्रकने उडवलं.

काकांना ते माहीत नव्हतं. ते उभे राहिले. ओहोटी संपली, भरती लागली. दाराच्या फटींतून पाणी झिरपायला लागलं. उघडी पाठ ओली झाली. बांधावर कोणी नव्हतं.

"मंग मी निघालो," काका म्हणाले. "कोन आला न्हाय. आपनहून निघालो."

पुढे काही वर्षांनी बांध फुटला. त्याच उघाडीपाशी. तोवर गावातल्या निम्म्या लोकांच्या मनात जमिनी विकायचं आलं होतं. चिखल घेऊन कोणी धावलं नाही. शेतं खारी झाली, त्यावर भराव पडला, भरावावर गोदामं आली.

मी म्हणालो, "काका, त्याचा तुमच्याशी काय संबंध? चित्रासाठी उभे होतात तुम्ही."

"मला म्हाईत हाय रं. पन पाठीला कोन सांगंल?" ते उठले आणि ट्रकसाठी गेट उघडायला गेले.

विनिताताईंना हवी असलेली गोष्ट मी तोवर लिहून टाकली होती. इतकी वर्षं अडकलेला क्षारसेन चिडतो. मागचं दार फोडून नगरात येतो. त्याच्यामागून सगळं पाणी. जे त्याला विसरले त्यांच्यावर तो सूड उगवतो. मला ती बरी वाटली होती. मी ती काकांना वाचून दाखवली.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, "दार फोडलं?"

"हो."

"मंग आतल्या मानसांचं काय?"

"कॉमिक आहे काका."

"तुज्या कॉमिकातली मानसं मेली ना पन."

काकी शेजारी मेथी निवडत बसल्या होत्या. म्हणाल्या, "बी.ए. झालास आनि येवढं न्हाय सुचलं?" त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी मला बी.ए. म्हटलं.

मी विनिताताईंना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. क्षारसेनाचा मूळ चेहरा समोर बसलाय म्हटल्यावर त्या खूश झाल्या. मग काकांचं म्हणणं ऐकून जरा थबकल्या.

"काका, सुपरहीरो आहे तो. त्याला दुसऱ्याच कोणी येऊन सोडवलं तर तो हीरो कसला?"

"बाई, हीरो तो उभा ऱ्हायला तवाच झाला. सुटायला दुसरा मानूस लागतो."

"आजच्या वाचकाला गोष्टीत राग लागतो हो. विसरलेत ना सगळे त्याला."

"राग हाय ना. असंल. पन राग आला म्हनून दार सोडंल का तो? मी सोडलं, मला म्हाईत हाय."

फोनमध्ये मागे कुणाचा तरी प्रिंटर चालू असल्याचा आवाज येत होता.

"बरं," त्या म्हणाल्या. "मग येतो कोण सोडवायला? नवं पात्र आणायचं?"

"नवा कशाला? मी जातो ना."

"म्हणजे?"

"तो तवाचा हाय. मी आताचा. तो काय म्हातारा झाला नसंल तितं. मी जातो, हात घालतो, तो सुटतो."

मी काकींकडे बघितलं. त्यांचे हात मेथीत थांबले होते.

"देवेश," विनिताताई हळू आवाजात म्हणाल्या, "हेच लिही."

आमच्याकडे चित्रं पूर्वा काढते. ती फोटोवरून काढते. तिने निरोप पाठवला, काकांचे फोटो हवेत, दाराला पाठ लावलेले, हात सरकवतानाचे, सगळे. शटरसमोर मात्र काढू नका. गोदाम दिसतं.

काका म्हणाले, "मंग दारच करतो."

जुनं घर पाडताना निघालेल्या सागाच्या फळ्या त्यांनी माळ्यावर ठेवल्या होत्या. त्या काढल्या. गोदामाच्या मागच्या अंगाला, जिथे पूर्वी बांध होता म्हणतात, तिथे दोन खांब रोवले. सकाळी ऊन चढायच्या आधी काम करायचे. गावातले येता-जाता टोमणे मारायचे.

"काका, परत भात लावताव काय?"

"तुला पुरायला खड्डा करतो. ये, माप दे."

एक हमाल, उत्तर प्रदेशातला, रोज थांबून बघायचा. एकदा त्याने विचारलं, "चाचा, दरवाज़ा तो बन रहा है, घर किधर है?"

"घर तेरे पीछे है," काका म्हणाले.

तो मागे वळला. मागे गोदामाची भिंत होती. तो हसला नाही. पुन्हा कधी तिथे थांबला नाही.

दार अर्धं झालं तेव्हा काकांनी मला बोलावलं. "तू क्षारसेन हो. बघू जमतंय का."

मी दाराला पाठ लावली. हात फाकले. समोर कंपाउंडची भिंत, तिच्या पलीकडे दुसऱ्या गोदामाचं पत्र्याचं छप्पर. काका समोरून आले. बाजूने वळले. माझी पाठ आणि फळी यांच्यामध्ये त्यांनी तळहात सरकवला. मग कोपर. मग खांदा. ते काही बोलत नव्हते. त्यांच्या श्वासाला तंबाखूचा वास होता. त्यांची पाठ फळीला लागली. आता मी सरकायचं होतं.

मी सरकलो नाही. माझ्या मागे नुसती हवा होती, हे मला माहीत होतं. तरी सरकलो तर काहीतरी आत येईल असं वाटलं.

"बघ," काका म्हणाले. "निघवत न्हाय ना?"

मी फोन काढला. त्यांनी हात धरला. "आता न्हाय. दार पुरं होऊ दे. फटीतून पानी येतं." मग म्हणाले, "आनि सुटलेला मानूस चालतो कसा, ते बी दाखवीन. हात सरल होत न्हाईत त्याचं. दार नसतं, तरी हात धरूनच असतात. ते चित्र तुज्या त्या पोरीला फोटोबिगर काढता येनार न्हाय. आता कोनाला म्हाईतच न्हाय ते."

"दाखवा की आत्ता."

"आत्ता कसा? मला कोनी सोडवला?"

एवढं बोलून ते हसले.

ते गेले त्या दुपारी मी आत बॉक्स मोजून घेत होतो. माल आला होता. शटर अर्धं खाली होतं. काकांची खुर्ची नेहमीसारखी बाहेरून त्याला टेकलेली. मी शटरवर थाप मारली. "काका, जरा उठता का, वर घ्यायचंय." ते उठले नाहीत. झोप लागली असेल असं वाटलं. मी वाकून बाहेर आलो. तळहात गुडघ्यावर उघडा पडला होता. थांब म्हणताना करायचे तसा.

डॉक्टर आले आणि गेले. हमाल जमले. काकांना खुर्चीतून उचलायला चौघे पुढे झाले. तेवढ्यात काकी म्हणाल्या, "थांबा."

त्या खुर्चीपाशी आल्या. बाजूने वळल्या. काकांची पाठ आणि शटर यांच्यामध्ये त्यांनी हात सरकवला. मग कोपर. खांद्याला जागा नव्हती, तरी त्यांनी तो आत घातला. चेहऱ्यावर काही नव्हतं. शटरला पाठ लागली तशी त्यांनी हमालांकडे बघून मान हलवली.

चौघांनी काकांना उचललं. काकी तिथेच शटरला पाठ लावून उभ्या राहिल्या. एक शब्द बोलल्या नाहीत. बायका रडत आल्या, त्यांना हात धरून न्यायला लागल्या, तरी त्या हलल्या नाहीत. काकांना घरात नेऊन ठेवलं, तोवर उभ्या होत्या. मग काकांची धाकटी बहीण कमळ पुढे आली. तिला काय ते कळलं असावं. तिने काकींच्या पाठीमागे हात घातला. तेव्हा काकी निघाल्या.

त्या चालत घराकडे गेल्या. त्यांचे दोन्ही हात अंगापासून थोडे लांब होते.

मी ते बघितलं. फोन माझ्या खिशात होता. तो काढायचं मला सुचलं नाही. सुचलं असतं तरी काढला नसता.

काकांना उचलताना माझा हात त्यांच्या सदऱ्याला लागला होता. पाठ ओली होती. वैशाखाचं ऊन होतं, घाम असेल. घरी जाऊन हात धुतले नाहीत. रात्री कधीतरी बोट जिभेला लावलं. नंतर स्वतःचीच लाज वाटली. चव खारट होती. घामही खारटच असतो.

कमळआत्या आता दुपारी खुर्चीत बसतात. कधी काकी बसतात. दोघींच्या मध्ये खुर्ची रिकामी राहिल्याचं मी अजून पाहिलेलं नाही. ट्रकवाले आता "चाची, गेट खोलो" म्हणतात.

विनिताताईंनी अंक पुढे ढकलला. पूर्वाने पानं काढून पाठवली आहेत. लवणपुरी तिने सुंदर काढली आहे, विरघळतानाची. बुरूज खाली सरकतायत, माणसं दारांच्या चौकटी डोक्यावर घेऊन निघालीत. शेवटच्या पानावर क्षारसेन दाराशी उभा आहे, तुटक्या भुवईचा, तरणा. समोरून एक म्हातारा येतो आहे. पुढच्या दोन चौकटी तिने कोऱ्या सोडल्यात. खाली पेन्सिलने मला लिहिलंय, फोटो?

मी तिला काही कळवलेलं नाही. ती म्हणते, अंदाजाने काढू का? मी थांब म्हणतो.

दार गोदामामागे उभं आहे. उधाणाच्या दिवसांत मी तिकडे जायचं टाळतो. काल गेलो होतो. सगळ्या फळ्या बसल्या आहेत, एक सोडून. ती मधली. तिच्या जागेतून पलीकडची भिंत दिसते. फळी कापून, रंधा मारून खांबाला टेकवून ठेवली आहे. खिळे कुठे मारायचे त्या खुणा त्यांनी पेन्सिलने करून ठेवल्या आहेत. हातोडी खाली पडली होती, तिला गंज चढायला लागलाय. खुणांपैकी एकीवर खिळा ठोकलेला आहे. अर्धाच. त्याचं टोक फळीच्या दुसऱ्या बाजूने अजून बाहेर आलेलं नाही.